आज्ञा आणि नोंद : प्रस्तावना

ज्याने कधी तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढून आणला असेल, त्याच्या दृष्टीस ही गोष्ट पडली असेल की त्या कागदावर आजच्या खातेदाराच्या नावाभोवती काही आकडे वर्तुळात घातलेले असतात. आणि हे आकडे म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफाराच्या नोंदवहीतील, अनुक्रमांक होत. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, कोणाच्या मृत्यूने वारस लागले, कोणते खरेदीखत झाले, कोणता बोजा चढला आणि केव्हा उतरला, हे सांगण्याचे काम फेरफाराचे. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, मुदतीत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि मग उताऱ्यावरचा बदल पक्का होतो. जुने नाव खरवडून नाहीसे करीत नाहीत, त्याला कंस पडतो. या पद्धतीत खेटे घालून ज्यांची पादत्राणे झिजली त्यांच्यापुढे तिची स्तुती करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु स्थिती आणि स्थित्यंतर यांची दप्तरे वेगळी ठेवावीत, आणि एकातून दुसऱ्याकडे जाण्याची वाट नेहमी उघडी असावी, हे जे तत्त्व तिच्या मुळाशी आहे, ते संगणकाच्या जगाला फार उशिरा, आणि पुष्कळ नुकसान सोसल्यानंतर, हस्तगत झाले.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय दुहेरी आहे. टर्मिनलच्या खिडकीत अक्षरे टंकून यंत्राला काम सांगण्याची जी रीत, जिला कमांड लाइन म्हणतात, ती एक. आणि फायलींतील प्रत्येक बदलाची तारीख, कर्ता व कारण यांसह नोंद राखणारी जी व्यवस्था, जिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, ती दुसरी. हे दोन्ही विषय बहुतेकांच्या पदरी पडतात ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याच्या तोंडून, आणि तेही पाच-सात आज्ञांच्या एका तुटपुंज्या मंत्रसंग्रहाच्या रूपाने; त्या मंत्रांचा अर्थ न विचारता माणूस पुढे दहा-दहा वर्षे निभावून नेतो, आणि काही अडले की सगळे फोल्डर पुसून नव्याने उतरवून घेतो. या दोहोंना एकाच बासनात बांधण्याचे कारण असे की दोहोंचा स्वभाव एकच आहे: दोन्ही कामाला हातवाऱ्यातून काढून लेखनात आणतात. माउसने जे केले ते केल्याक्षणी विरून जाते. लिहून जे केले ते साठवता येते, पुन्हा करता येते, दुसऱ्याला धाडता येते, आणि चुकले तर नेमके कोठे चुकले हे बोट ठेवून दाखवता येते. कार्यक्षमता म्हणजे बोटांची चपळाई अशी जी समजूत या विषयातील लहान-मोठ्या पुस्तिकांनी रूढ केली आहे ती मला मान्य नाही. परत फिरता येईल अशी ज्याची खात्री असते तोच पुढे झपाट्याने जातो. आणि ती खात्री लिखितातून येते.

कमांड लाइनचा आजचा अवतार ज्या घराण्यातून आला त्याचे मूळ न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे सापडते. बेल टेलिफोनच्या तेथील प्रयोगशाळेने मल्टिक्स नावाच्या एका भव्य पण रेंगाळलेल्या प्रकल्पातून १९६९ साली अंग काढून घेतले, तेव्हा केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना मोठे यंत्र कोणी देईना. म्हणून पीडीपी-७ नावाच्या, त्या काळीही जुनाट ठरलेल्या, एका लहान यंत्रावर त्यांनी जी व्यवस्था उभी केली तीच पुढे युनिक्स या नावाने प्रसिद्धीस आली. त्या यंत्राशी संभाषण करायचे ते टेलिटाइपवरून. आणि टेलिटाइप म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला १० अक्षरे खडखडत उमटवणारे, कळा जोराने दाबाव्या लागणारे टंकयंत्रच. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’ अशी आज नवशिक्याला अकारण गूढ वाटणारी द्व्यक्षरी नावे त्या जड कळांची आणि संथ कागदाची अपत्ये आहेत. आणि काम सुरळीत झाले तर आज्ञेने तोंडातून अवाक्षर काढू नये हा जो युनिक्सचा शिष्टाचार, तोही त्या कागदाला साजेसाच होता.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अधिक मोठे पीडीपी-११ यंत्र पदरात पाडून घेण्यासाठी या मंडळींनी वरिष्ठांपुढे निमित्त ठेवले ते प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाचे अर्ज नीट टंकून देण्याचे. आणि १९७१ साली त्या विभागातील टंकलेखक या नव्या व्यवस्थेचे पहिले खरेखुरे गिऱ्हाईक झाले. कमांड लाइन ही केवळ प्रोग्रामरांची मिरास असून इतरांनी तिच्या वाटेस जाऊ नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे की तिचे पहिले बाहेरचे वापरकर्ते कारकुनी कामातलेच होते.

परंतु युनिक्सला जे वैशिष्ट्य लाभले ते नावांच्या आखूडपणामुळे नव्हे. त्याच प्रयोगशाळेतील डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात असे म्हणून ठेवले होते की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जशा एकीला एक जोडाव्यात तसे प्रोग्राम एकमेकांस जोडता आले पाहिजेत. ही कल्पना ते पुढे अनेक वर्षे सहकाऱ्यांच्या गळी उतरवीत राहिले, आणि १९७३ मध्ये थॉम्पसनने ती एका रात्रीत अमलात आणली. उभ्या रेघेने दर्शवला जाणारा हा पाइप आला, आणि एका आज्ञेचे उत्पन्न हे दुसऱ्या आज्ञेचे भांडवल झाले. त्याचे सामर्थ्य किती, याचे प्रसिद्ध उदाहरण १९८६ मधील आहे. एखाद्या मजकुरात कोणते शब्द किती वेळा आले हे शोधून सर्वांत अधिक आलेले छापायचे, असा प्रश्न जॉन बेंटली यांनी आपल्या सदरातून डोनल्ड नुथ यांच्यापुढे ठेवला. नुथ यांनी अनेक पानांचा, वाङ्मयीन सौष्ठवाने नटलेला प्रोग्राम लिहिला. आणि त्याचे परीक्षण करताना मॅक्इलरॉय यांनी सहा आज्ञा पाइपने जोडून तेच काम करून दाखवले. नुथ यांची कलाकृती वाचताना मला आजही आनंद होतो. पण सायंकाळी पाच वाजता साहेबांनी तोच तक्ता मागितला तर मी मॅक्इलरॉय यांचाच आश्रय घेईन.

आज्ञा ऐकून घेणारा जो मध्यस्थ, त्याला शेल म्हणतात, आणि त्याचीही निरनिराळी घराणी झाली. स्टीफन बोर्न यांचा शेल युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी सी भाषेच्या वळणाचा आपला वेगळा शेल रचला. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश आणला, आणि पुढल्याच वर्षी झेडशेलचा जन्म झाला, जो २०१९ पासून मॅकवर मूळ शेल म्हणून नांदतो आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने २००६ मध्ये निराळाच पंथ काढला: युनिक्सच्या पाइपातून साधा मजकूर वाहतो, पॉवरशेलच्या पाइपातून घडीव वस्तू वाहतात. तात्त्विक दृष्ट्या दुसरा पंथ अधिक काटेकोर आहे हे कबूल करूनही माझी निष्ठा पहिल्याशी आहे. मजकूर हा डोळ्यांनी वाचता येतो, आणि ज्याला जे वाचता येते त्याला ते दुरुस्तही करता येते. शेलांच्या तुलनेत यापलीकडे वेळ दवडण्यात हशील नाही. कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबून पूर्वी दिलेली आज्ञा इतिहासातून शोधून काढण्याची सवय ज्याला लागली, त्याचा निम्मा कार्यभाग कोणत्याही शेलमध्ये साधतो.

इतके झाल्यावर आज्ञेच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, आणि ती बाजू मला माझ्याच फजितीवरून कळली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कार्यालयात, दिवे मालवायच्या वेळी, ‘टीएमपी’ या शेपटीच्या तात्पुरत्या फायली पुसून टाकाव्यात म्हणून मी ‘आरएम’ ही आज्ञा टंकली. ताऱ्याच्या खुणेनंतर आणि शेपटीपूर्वी नकळत एक मोकळी जागा पडली. यंत्राने ताऱ्याचा अर्थ ‘सर्व फायली’ असा घेतला, निमूटपणे त्या सर्व पुसल्या, आणि नंतर ‘टीएमपी नावाची फाइल सापडत नाही’ अशी एकच तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांचे काम गेले. काही भाग एका सहकाऱ्याकडील जुन्या नकलेतून, काही छापील कागदांवरून पुन्हा टंकून, असे कसेबसे निस्तरले; पण त्या रात्री एक गोष्ट मनावर कायमची कोरली गेली की ज्या घरात आज्ञा आहे पण नोंद नाही त्या घरात आज्ञा देण्यास हात धजत नाही, आणि न धजणारा हात कधी कार्यक्षम होत नाही.

नोंदीचा इतिहासही मरे हिलच्याच परिसरातून निघतो. बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही व्यवस्था लिहिली. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची आरसीएस १९८२ मधली. टिची यांची युक्ती मोठी व्यवहारकुशल होती: सर्वांत ताजी प्रत पूर्ण ठेवायची आणि तिच्यावरून मागे जाण्यापुरते फरक तेवढे साठवायचे, कारण लोकांना बहुधा आजचीच प्रत हवी असते. या दोन्ही व्यवस्थांत ज्याने फाइल हाती घेतली त्याने तिला कुलूप लावायचे, आणि तो परत करीपर्यंत इतरांनी वाट पाहायची असा दंडक होता. कुलूप लावून रजेवर गेलेल्या गृहस्थांच्या कथा त्या पिढीतील लोक अजून सांगतात. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये अॅमस्टरडॅम येथे, शेलच्या आज्ञांचीच गुंफण करून, सीव्हीएस रचली आणि कुलूप काढून टाकले: सर्वांनी एकाच वेळी लिहावे, आणि मागून त्यांचे लेखन एकत्र जुळवावे. या क्षेत्रातील पहिला मोठा मतभेद हाच, की तंटा आधी टाळावा की मागून मिटवावा. आणि अनुभवाने कौल दुसऱ्या पक्षाला दिला. सीव्हीएसमध्ये अनेक फायलींचा एकच बदल अर्धवट रुजू होऊ शकत असे. हा दोष सबव्हर्जनने, जिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये निघाली, दूर केला. पण दप्तर मात्र एकाच सर्व्हरवर राहिले.

ते दप्तर फोडून प्रत्येकाच्या घरी त्याची संपूर्ण नक्कल देण्याचे काम गिटने सर्वतोमुखी केले. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून बिटकीपर या खासगी व्यवस्थेत चालत असे. २००५ मध्ये तिच्या मोफत वापराची सवलत काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल रोजी स्वतःची व्यवस्था लिहावयास घेतली, आणि ७ एप्रिल रोजी गिटचे लेखन गिटमध्येच नोंदले जाऊ लागले. चार दिवसांत मंदिर बांधून त्यातच राहायला जाण्याचा हा पराक्रम पाहून जे गिटच्या आज्ञांतील विसंगतीबद्दल नाराज असतात त्यांनी थोडी क्षमावृत्ती धारण करावी. त्याच वर्षाच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. मर्क्युरियल नावाचे भावंडही त्याच एप्रिल महिन्यात जन्मले आणि काही बाबतींत ते अधिक सुबोध होते. तरी २००८ मध्ये गिटहब निघाले, आणि बाजार गिटकडे वळला.

गिटची अंतर्रचना समजली तर त्याच्या आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यात प्रत्येक कमिट म्हणजे सबंध फोल्डराच्या त्या क्षणीच्या स्थितीचे चित्र. त्याला, मजकूर, कर्ता, वेळ आणि पूर्वीच्या कमिटचा क्रमांक या सर्वांवरून गणिताने काढलेला, ४० अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. पूर्वज क्रमांकातच गुंफलेला असल्यामुळे भूतकाळात कोणी गुपचूप एक स्वल्पविराम जरी बदलला तरी त्यानंतरचे सगळे क्रमांक बदलतात, आणि लबाडी उघडी पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले, त्यात विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शेकडो हस्तलिखितांतील पाठभेद ताडून, कोणती पोथी कोणत्या परंपरेतून उतरली याचा वंशवृक्ष अनुमानाने उभा करावा लागला, कारण नक्कल करणाऱ्याने आपल्यापुढे कोणती पोथी होती हे लिहून ठेवलेले नव्हते. गिटमध्ये तो वंशवृक्ष प्रत्येक कमिटबरोबर आपोआप लिहिला जातो. ब्रांच आणि मर्ज या दोन शब्दांनी ज्यांना धडकी भरते त्यांना मी हेच सांगतो की ब्रांच ही एक पाठपरंपरा आहे, मर्ज म्हणजे दोन परंपरांची संहिता सिद्ध करणे आहे, आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणजे जेथे यंत्राने नम्रपणे संपादकाचा निर्णय मागितला ती ओळ आहे.

आजच्या गिटकरांतील मोठा वाद मर्ज आणि रिबेस यांचा. मर्जचा पक्ष म्हणतो, इतिहास जसा घडला तसा, त्याच्या सर्व आडवळणांसह राहू द्यावा. रिबेसचा म्हणतो, इतिहास हा पुढच्या वाचकासाठी असतो, म्हणून तो निवडून, सारखा करून मांडावा. माझे मत असे की जोवर मसुदा आपल्या मेजावर आहे तोवर त्याची हवी तितकी खाडाखोड करावी, कमिट जोडावेत, तोडावेत, क्रम बदलावा. पण एकदा पुश करून तो दुसऱ्यांच्या हाती गेला की चुकीची दुरुस्ती नव्या नोंदीनेच करावी. चुकलेला फेरफार तलाठी ब्लेडने खरवडत नाही. आणि कमिटसोबत लिहायच्या शेऱ्याविषयी बोलायचे तर, ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘फायनल चेंजेस’ असे शेरे देऊन कमिट मारणारा मनुष्य नोंदवहीत ‘बदल केला’ एवढेच लिहिणाऱ्या कारकुनापेक्षा वेगळा नाही; काय बदलले ते डिफ दाखवतोच, का बदलले तेवढे माणसाने लिहायचे असते.

जो हे सगळे पाळतो त्याला जी निर्धास्तता मिळते तिचा प्रत्यय दोन आज्ञांत येतो. ‘गिट रिफ्लॉग’ ही आपण जेथे जेथे उभे होतो त्या जागांची यादी देते, आणि हरवलासा वाटणारा कमिट नेहमीच्या मांडणीत निदान ३० दिवस तरी तेथून परत मिळतो. ‘गिट बायसेक्ट’ ही दोष शिरलेला कमिट अर्ध्या-अर्ध्याने शोधते. एक हजार कमिटांतला अपराधी सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. मात्र कमिट लहान आणि स्वयंपूर्ण असतील तरच. तीन आठवड्यांचे काम एका गाठोड्यात बांधून ठेवणाऱ्यास बायसेक्ट ते गाठोडेच परत देतो.

या विषयाची निकड आज वाढली आहे ती एका निराळ्या कारणाने. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता स्वतः टर्मिनलमध्ये आज्ञा देतात आणि एका बैठकीत शेकडो ओळी बदलून ठेवतात. ज्याला ती आज्ञा वाचून तिचा परिणाम ओळखता येत नाही, आणि डिफ ओळीओळीने तपासता येत नाही, तो मंडळ अधिकारी न वाचताच प्रमाणित करीत सुटला आहे असे समजावे. लिहिण्याचे श्रम कमी झाले. सही करणाऱ्याची जबाबदारी तेवढीच राहिली.

मराठी वाचकासाठी आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यावर या पुस्तकात मी जाणूनबुजून अधिक पाने खर्च केली आहेत. नागरी मजकूर आज ज्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो ती याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्याबरोबर, सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात टेबलावरच्या कागदी आच्छादनावर आखली होती. तिच्यामुळे जुन्या आज्ञा आपल्या लिपीला बव्हंशी पेलतात. परंतु खाचखळगे आहेतच. ‘मराठी’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो, युनिकोडच्या हिशेबाने ती पाच होतात आणि बाइटच्या हिशेबाने पंधरा. म्हणून ‘डब्ल्यूसी’ आज्ञेला काय मोजावयास सांगितले आहे हे जाणले पाहिजे. ‘ऱ्हास’मधला ऱ दोन प्रकारांनी टंकला जाऊ शकतो, दिसतो सारखाच, पण ‘ग्रेप’ला एक सापडतो तर दुसरा सापडत नाही. फाइलीला मराठी नाव द्यावे तर गिट त्याऐवजी आकड्यांची आणि तिरक्या रेघांची माळ छापते; ‘कोअर.कोटपाथ’ ही खूण बंद केली की नाव नीट दिसते. आणि लांबलचक परिच्छेद एकाच ओळीत टंकला तर एका काना-मात्रेच्या फरकासाठी डिफ सगळा परिच्छेद लाल-हिरवा करतो. म्हणून फाइलीत एका ओळीवर एक वाक्य लिहावे. अनुवादक, संशोधक, वकील आणि संपादक यांच्या कामी हीच प्रकरणे अधिक येतील, असा माझा होरा आहे.

यापलीकडे पुस्तकाची मर्यादा सांगून टाकतो. हा आज्ञांचा कोश नाही. कोश ‘मॅन’ या आज्ञेच्या पोटी प्रत्येक यंत्रात आहे. आज्ञांची आणि संज्ञांची नावे मी भाषांतरित केलेली नाहीत, कारण कचेरीत कोणी ‘शाखा विलीन कर’ म्हणत नाही, ‘ब्रांच मर्ज कर’ म्हणतो. वाचकाने पुस्तक उशाशी न ठेवता टर्मिनलशेजारी ठेवावे, आणि प्रत्येक प्रयोग एखाद्या टाकाऊ फोल्डरात करून, मुद्दाम बिघडवून, मग सावरून पाहावा.

या हस्तलिखिताची नोंदही आरंभापासून गिटमध्ये ठेवली आहे. पुस्तकात चुका राहिल्या असतील, आणि वाचकांनी त्या कळवाव्यात अशी विनंती आहे. मात्र कळवताना आवृत्ती, पृष्ठ आणि ओळ यांचे आकडे द्यावेत, छापलेला पाठ आणि सुचवलेला पाठ एकाखाली एक लिहावेत, आणि बदल कशासाठी हवा तेही एका वाक्यात लिहावे.